नागपूर–पुणे : दिवसाची खुर्ची की रात्रीचा बर्थ?

अजनीकर
ऑगस्ट 2025 मध्ये अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा आपल्या नागपूरला झालेला आनंद रास्तच होता. परंतु 881 किलोमीटरचे अंतर बारा तास खुर्चीत बसून कापण्याला मी सोय म्हणायला तयार नाही. सकाळी दहाच्या सुमारास निघालेली गाडी रात्री दहाच्या सुमारास पुण्याला पोहोचते, म्हणजे अख्खा दिवस तिच्या नावे लिहावा लागतो. रात्रीची गाडी अधिक वेळ घेते, पण तो वेळ झोपेत जातो. पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा शुक्रवारी संध्याकाळी निघाला, तर शनिवारी सकाळी घरी तर्री-पोह्यांच्या ताटलीपुढे असतो आणि रविवारी संध्याकाळी परत फिरतो. दिवसाच्या गाडीने आला, तर शनिवारी संध्याकाळी पोहोचून रविवारी सकाळी पुन्हा अजनी स्थानक गाठावे लागेल. घराच्या वाट्याला येणार ती एक रात्र. इतक्या लांबच्या गाडीत पाठ टेकायला जागा हवीच.

इतवारीची लेक
काका, आपला हिशेब चोख आहे, परंतु त्यात बर्थ मिळतोच असे आपण धरून चालला आहात. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, तरीही दिवाळीच्या दिवसांतले तिकीट पाहता पाहता वेटिंगला जाते आणि मग ट्रॅव्हल्सवाला सांगेल ते भाडे मोजावे लागते.
शिवाय मिळालेला बर्थ आपलाच राहतो असेही नाही. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन रात्रीच्या एका गाडीने पुण्याहून आले. खालचा बर्थ तिच्या नावावर होता. मनमाडला चढलेले तिघे ‘जरा सरका’ म्हणत त्यावर टेकले, ते अकोला येईपर्यंत उठले नाहीत. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही हा नियम मी त्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी मला माणुसकी शिकवली. येण्याजाण्याच्या वाटेवर इतकी माणसे झोपली होती की, शौचालयापर्यंत कोणाला तरी ओलांडून जावे लागेल या भीतीने आईने रात्रभर पाणी घेतले नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला बारा तास बसणे जड जाते हे मान्य. पण तिची खुर्ची तिचीच राहते.

मालधक्का
आपण दोघेही वाटेबद्दल बोलत नाही. पुणे हे नागपूर–मुंबई मुख्य मार्गावर नसल्यामुळे नागपूरची गाडी मनमाडला दक्षिणेकडे वळते आणि कोपरगाव, अहिल्यानगर करत दौंडला येते. दौंड कॉर्ड लाईनमुळे, म्हणजे दौंड स्थानक टाळून जाणाऱ्या जोडमार्गामुळे, तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडण्याचा वेळ वाचतो, तरी वळसा तो वळसाच. तेव्हा खुर्ची असो की बर्थ, वेगाच्या फार अपेक्षा ठेवू नयेत. दिवसाच्या गाडीतून निदान वऱ्हाडातली कापसाची काळी रानं दिसतात. ती शेगावला थांबते खरी, पण दारे आपोआप बंद होत असल्याने कचोरीसाठी फलाटावर उतरण्याचे धाडस कोणी करू नये!

अजनीकर
ताईंच्या मातोश्रींना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. मात्र त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो असे मला वाटते, कारण ती गर्दी बर्थ कमी असल्यामुळे झालेली आहे. शयनयानाच्या जुन्या डब्यात 72 बर्थ असत, नव्या, लांब एलएचबी डब्यात 80 आहेत. या आठांनी शुक्रवारची गर्दी भागत नाही. त्यासाठी रात्रीची आणखी एक गाडी हवी, आणि रात्री आरक्षित डब्यात फिरून बिगर-आरक्षित प्रवाशांना उतरवणारा तपासनीसही हवा. आपण खुर्चीवर समाधान मानले, तर ती गाडी मागणार कोण?

इतवारीची लेक
मागणीच्या अर्जावर माझी सही आत्ताच धरा, काका. परंतु गाडी वाढेल तेव्हा वाढेल. आईची डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात पुण्याला आहे. मी तिच्यासाठी खिडकीजवळची आणि माझ्यासाठी तिच्या शेजारची खुर्ची राखून ठेवली आहे, आणि कमरेमागे ठेवायला घरची उशी नेणार आहे.