मदत हवी आहे: आईच्या कानाची पाळी ओघळली आहे, टाके घालावेत का? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारते आहे. वय ६८, मधुमेह आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. आम्ही नौपाड्यात राहतो.

तिच्या उजव्या कानाचं भोक ओघळत ओघळत उभी फट झाली आहे, खाली जेमतेम दोऱ्याएवढी कातडी उरली आहे. डावा कान फाटलेला नाही, पण पाळी पातळ होऊन सुरकुतली आहे. कुडी घातली की मोती खाली झुकतात आणि मागची फिरकी भोकातून पुढे डोकावते. लग्नापासून रोज कुड्या आणि सणावाराला झुबे, त्याचा हा परिणाम. भाच्याची मुंज ठरते आहे आणि तेव्हा आजीच्या मोत्यांच्या कुड्या घालायची आईची फार इच्छा आहे. "या वयात कशाला हे सोपस्कार?" असं घरातले काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. तिला हवं आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून आलो. त्यांनी नीट समजावलं. पाळीत कूर्चा नसते, नुसती कातडी आणि चरबी. वय वाढलं की दोन्ही विरळ होतात आणि वजन पेलत नाही. फट नुसती दाबून धरली तर जुळत नाही, कारण तिच्या आतल्या कडेवर पूर्ण कातडी आलेली असते. ती कड कापून ताजी करायची आणि मग टाके घालायचे. भूल फक्त पाळीपुरती, त्याच दिवशी घरी. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात आणि नवीन भोक दोन-तीन महिन्यांनी, तेही शिवलेल्या रेषेवर नाही, बाजूला. डाव्या कानासाठी त्यांनी हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे सुईने टोचून भरायचं जेल, सुचवलं. त्याने पाळी भरते, पण काही महिन्यांनी ते विरतं आणि पुन्हा घ्यावं लागतं. शिवाय फिलरने फट बुजत नाही, म्हणून उजव्या कानाला टाक्यांशिवाय पर्याय नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी आईचा दंड बघायला मागितला. लहानपणी देवीची लस टोचलेल्या जागी तिला जाड, उठलेला, चकचकीत व्रण आहे, अजूनही अधूनमधून खाजतो. तो कीलॉइड, म्हणजे मूळ जखमेच्या बाहेर वाढत जाणारा व्रण, असू शकतो, म्हणाले. अशा कातडीला टाक्यांच्या जागीही गाठ येऊ शकते, आणि कान ही तर कीलॉइडची नेहमीची जागा. आली तर स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात, पण ती कधीकधी परत येते. तेव्हापासून मी अडकले आहे. फट मिटवायला जावं आणि तिथे गाठ यावी, ही भीती जात नाही.

"टाके नाही, ऑपरेशन नाही" असं सांगणाऱ्या पार्लरबद्दल कृपया सुचवू नका. शेजारच्या काकूंनी एका ठिकाणी फट जुळावी म्हणून कडेला ॲसिड लावून घेतलं, कड भाजली आणि काळा डाग कायमचा राहिला. ॲसिडची पद्धत डॉक्टरही वापरतात, पण तीव्रता किती आणि हात कोणाचा, यावर सगळं आहे.

सध्या पाळीमागे चिकटवायच्या पारदर्शक पट्ट्या वापरतो. इथल्या घामाने त्या दुपारपर्यंत सुटतात. डाव्या कानाला मोठ्या चकतीची फिरकी आणि केसांत अडकवलेला मोत्यांचा वेल, याने मात्र कुडी बऱ्यापैकी सरळ राहते.

तर विचारायचं असं, की अंगावर असा व्रण असूनही कोणी कानाला टाके घालून घेतले आहेत का? पुढे काय झालं? नवीन भोक पाडल्यावर त्रास झाला का? मधुमेहात जखम भरायला किती वेळ लागला? ती रक्त पातळ राहण्याची गोळीही घेते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करणार नाही, पण टाक्यांच्या वेळी तुमच्याकडे काय केलं, ते कळलं तर बरं.

दुसरं मत प्लास्टिक सर्जनचं घ्यायचं आहे. आईला गुडघ्यांमुळे स्टेशनचा पूल चढवत नाही, त्यामुळे ठाणे पश्चिम सोयीचं. पण कीलॉइडचा चांगला अनुभव असलेलं कोणी वाशी-नेरूळकडे असेल तर गाडी करून नेईन. दोन्ही कानांचा मिळून खर्च साधारण किती आला, तेही सांगा. नावं उघड लिहायची नसतील तर व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.