म्हातारीचा बूट बघायचाय : सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात नाशिकहून एका दिवसासाठी मुंबईला यायचं घाटतंय. आम्ही दोघं, सहा वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई. सकाळच्या पंचवटीने सीएसएमटी, संध्याकाळच्या पंचवटीने परत. मुलाने शाळेत बुटात राहणाऱ्या म्हातारीचं इंग्रजी बडबडगीत पाठ केलंय आणि नवऱ्याने "तो बूट मुंबईत आहे, मी शाळेच्या सहलीत त्यात चढलोय" असं सांगून ठेवलंय. (म्हणजे बागेतलं बुटाच्या आकाराचं, आत चढता येणारं घर.) आता सुटका नाही.

नणंद म्हणते, एका बुटासाठी एवढी यातायात कशाला, मॉलमधल्या गेम झोनमध्ये न्या. तिथले तासाचे दर बघता मला मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला हा फुकटातला बूटच बरा वाटतो. शिवाय पार्कसमोर रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आणि पायाखाली दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय. हे सांगितल्यापासून "मग आपण खाली पडलो तर?" चालू आहे.

खरी अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची. सपाटीला तासभर चालतात, चढ आणि पायऱ्या मात्र नकोत. तिकडे रिक्षा नाहीत हे माहीत आहे. मेट्रो ३ ने सीएसएमटीहून गिरगावला किंवा ग्रँट रोडला उतरून पुढे टॅक्सी करावी, की स्टेशनवरूनच काळी-पिवळी? बेस्टची १०६ नंबरची बस पूर्वी वर जायची, अजून आहे का?

बुटात फक्त लहान मुलांनाच सोडतात म्हणे. आमचं ध्यान एकटं वर गेलं तर खिडकीतून हात करत बसेल, खाली यायचं नाव घेणार नाही. बाहेर नेमकं कुठे उभं राहावं?

आणि ती २०२५ मध्ये सुरू झालेली जंगलातली, जमिनीपासून उंचावर बांधलेली पायवाट तिथून जवळच आहे ना? ४८५ मीटर म्हणजे फार नाही, पण सासूबाईंना झेपेल का? तिथल्या काचेच्या तळाच्या भागावर त्या उभ्या राहणार नाहीत हे आत्ताच सांगते.

*

प्रतिसाद १ : ताई, सरळ टॅक्सी करा. मेट्रोने गेलात तरी टेकडीवर चढायला टॅक्सी लागणारच, मग आजींना दोनदा चढ-उतार कशाला? १०६ च्या भरवशावर मेमधल्या उन्हात उभं राहू नका. पायवाटेचं तिकीट २५ रुपये आहे, आधी ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. रविवार टाळता आला तर टाळाच.

प्रतिसाद २ : अकरा-बाराला वर जाऊ नका, भाजून निघाल. आधी पायथ्याशी गावदेवीला मणिभवन बघा. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथेच उतरायचे. तेही फुकट आहे. वरच्या मजल्यावर छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत, मुलं रमतात. आजींना जिना नको असेल तर खाली ग्रंथालय आहे. चारच्या सुमारास बुटाकडे जा. बुटाचं म्हणाल तर बाबांना पायथ्याशी उभे करा आणि "खाली आलास की भेळ" असं आधीच ठरवून टाका.

प्रतिसाद ३ : पंचवटीचा हट्ट सोडा हो! वरून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान दिसते, पण दिवे लागल्यावर त्याच कमानीचा जो 'राणीचा हार' दिसतो त्याची सर दुपारी नाही. मेमध्ये सातशिवाय अंधार पडत नाही आणि तुमची गाडी त्याआधीच सुटते.

*

सगळ्यांचे आभार. मणिभवन आणि टॅक्सी नक्की. राणीचा हार मलाही बघायचाय, त्यामुळे ठाण्याला दिरांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतावं असं चाललंय. पण मग पार्कातून साडेसात-आठला निघताना टॅक्सी तिथेच मिळते की ॲपवरून बोलवावी लागते? आणि आजी व पेंगुळलेलं मूल घेऊन त्या वेळी ग्रँट रोडहून दादर, तिथून ठाणे लोकल सोसेल का?