२०२२ ला आपल्या मराठवाड्याच्या आमदारांनी राष्ट्रपतीसाठी कोणाला मत दिलं, कुठं कळंल का?

गोदाकाठचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी परभणीला अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी चालूय. काल चहाच्या टपरीवर वाद झाला, एक काका म्हणले राष्ट्रपती दिल्लीवाले ठरवतात, त्यात मराठवाड्याचा काय संबंध. म्हणलं काका, आपला आमदार मत देतो की. तर ते म्हणले मग सांग, त्यानं मुर्मूंना दिलं का यशवंत सिन्हांना? मला सांगताच येईना. रात्री दोनपर्यंत शोधलं, अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा सापडला, मुर्मू १८१ आणि सिन्हा ९८, पण मतदारसंघाचं काहीच नाही. विधानसभेला कोणत्या बूथवर कोणाला किती पडली हे पारावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं, मग इथंच का नाही? आणि आमदाराच्या एका मताचं ते १७५ मूल्य पण कोणीतरी नीट सांगा, पुस्तकात नुसतं सूत्र दिलंय.

निवृत्त_नायब_लातूर:
बाळा, तो आकडा सापडणार नाही कारण तो कुठं लिहिलेलाच नसतो. मतदान गुप्त असतं. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी, आणि आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानंच नावापुढं १, २ असा पसंतीचा अंक टाकायचा, खिशातला पेन वापरला तर मत बाद. पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. १८ जुलैला मुंबईत विधान भवनात मतदान झालं, मग पेटी विमानानं दिल्लीला, आणि त्या पेटीच्या नावानं वेगळं तिकीट काढलं होतं बरं का, सीटवर बसवून नेली. मी कितीतरी निवडणुकांत पेट्या एसटीतून, ट्रॅक्टरवरून नेल्यात, रात्रभर पेटीला टेकून जागलोय, म्हणून ते वाचून लई बरं वाटलं. मोजणी राज्यवार होते, त्यामुळं राज्याचाच आकडा बाहेर येतो.

आता १७५. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ५,०४,१२,२३५. त्याला २८८ आमदारांनी भागायचं, मग परत १००० नं, १७५ येतात. मराठवाड्याचे आमदार ४६, म्हणजे ८,०५० मूल्य, राज्याच्या ५०,४०० पैकी. काकांना हे सांग. कुलाब्याच्या आमदाराचं १७५ आणि आपल्या भूम परांड्याच्या आमदाराचं पण १७५च.

चाकूरकर:
नायबसाहेब माहिती एकदम बरोबर, पण गुप्ततेचं मला पटत नाही. मी ज्याला निवडून पाठवलं त्यानं माझ्या नावानं कोणाला मत दिलं हे मला कळायलाच पाहिजे, राज्यसभेला आमदार आपल्या पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवतोच की. निकालानंतर कोण फुटलं याच्या नुसत्या वावड्या उठतात आणि चार दिवस पेपर त्यावरच चालतात.

बाकी महाराष्ट्र या निवडणुकीत पक्षाच्या रेषेवर चालत नाही हे खरंय. २००७ ला शिवसेना एनडीएत असून बाळासाहेबांनी एनडीएच्या बाजूच्या भैरोसिंह शेखावतांना सोडून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, मराठी बाई राष्ट्रपती होतीय म्हणून. २०१२ ला परत काँग्रेसच्याच प्रणव मुखर्जींना. आणि २०२२ ला सरकार पडून पंधरा दिवस झाले नव्हते तरी उद्धव ठाकरेंनी मुर्मूंना पाठिंबा दिला, आघाडीतले मित्र सिन्हांकडं असताना. २००७ ला तर आधी आमच्या चाकूरच्या शिवराज पाटलांचं नाव चाललं होतं, डाव्यांनी नको म्हणलं म्हणून राहिलं. त्या आठवड्यात आमच्या स्टँडवर दुसरा विषयच नव्हता.

निवृत्त_नायब_लातूर:
तुझं म्हणणं कळतंय, पण व्हिप नाही आणि दाखवायचं पण नाही म्हणूनच आमदाराला एक दिवस तरी मनानं ठरवता येतं. उघड केलं की पक्षवाला शेजारी उभा राहीलच. मला हे आहे तसंच पाहिजे.

किनवटचा_गुरुजी:
कोणाला किती पडली त्यापेक्षा मला तो २५ जुलै आठवतो. सोमवार होता. पाऊस चालू, लाईट गेलेली, आम्ही शपथविधी माझ्या मोबाईलवर लावला आणि चाळीस पोरं त्या एवढ्याशा स्क्रीनभोवती, गोंड, कोलाम, आंध, सगळी. रेंज जायची, परत यायची. एका मुलीनं विचारलं, गुरुजी ह्या आधी काय करायच्या? म्हणलं रायरंगपूरला शाळेत शिकवायच्या, मग नगरसेवक, मग आमदार. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर द्रौपदी मुर्मू, मयूरभंज असं सहा वेळा लिहून आणलं होतं. त्या १८१ मधलं एखादं आमच्या भागाचं असंल का नसंल, मला ते शोधायचं नाही.

गोदाकाठचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज काकांना ८,०५० सांगितलं, त्यांनी बिडीच्या पाकिटावर ४६ गुणिले १७५ करून बघितलं आणि मग विचारलं, १९७१ ची माणसं आजून का मोजायलेत? मी सांगितलं, घटनेतच लिहिलंय की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे जाहीर होईपर्यंत तेच धरायचे. २०११ ची लोकसंख्या धरून बघितलं तर आमदाराचं मूल्य ३९० येतं, नायबसाहेब, तेवढं एकदा तपासून सांगा, उद्या परत टपरीवर जायचंय.