एमडी एकटे ठरवू शकतात, तरी बैठका कशाला?

प्रश्न: बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कर्ज काढून दुसरा प्लांट टाकायचाय. एमडींनी (मॅनेजिंग डायरेक्टर) एकट्याने ठरवलं तर चालेल ना?

उत्तर १: कंपनी कायदा २०१३, कलम १७९ बघा. कर्ज, गुंतवणूक, विलीनीकरण यांचे ठराव बोर्डाच्या (संचालक मंडळाच्या) बैठकीतच होतात. कर्जाचा अधिकार ठरावाने एमडींना देता येतो, विलीनीकरणाचा नाही. बैठकीची नोटीस ७ दिवस आधी.

उत्तर २: कायदा राहू द्या, खरी गोष्ट माहितीची आहे. मागणी विक्रीवाल्याला कळते, मशीनची क्षमता प्रॉडक्शनला, रोकड फायनान्सला. एकाच डोक्यात हे मावत नाही. शिवाय निर्णयात जो बसला तो अंमलबजावणीत पाय ओढत नाही. आणि हो, जबाबदारीही वाटली जाते. वरिष्ठांना गटाने ठरवणं आवडतं त्यामागे हेही कारण आहेच.
पण साहेब आधी बोलले की सगळे माना डोलावतात. म्हणून बैठकीआधी प्रत्येकाकडून खर्चाचा आणि मागणीचा आकडा लेखी घ्या, सर्वात कनिष्ठाला आधी बोलू द्या, एमडी शेवटी.

उत्तर ३: विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात यायलाच हवं, कलम ११८. इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवा.