विद्यापीठाच्या रंगमंचावर ‘घाशीराम कोतवाल’: वाकणारी भिंत, न पोचणारे शब्द आणि नको तिथलं हसू

दुसरा_सूत्रधार:
नाट्यविभागातर्फे विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवतोय. सभागृह अडीचशे खुर्च्यांचं, रंगमंचाची उघडी रुंदी 28 फूट. संगीत थेट आहे: पेटी, ढोलकी, पखवाज, टाळ. बारा ब्राह्मणांची भिंत, म्हणजे एका ओळीत उभे राहून गाणारे-नाचणारे बारा नट, नाचता नाचता धनुष्यासारखी वाकते आणि पाठमोरी झाली की लय सुटते. गाण्यातले शब्द चौथ्या रांगेपलीकडे कळत नाहीत. अग्निदिव्याच्या प्रसंगात, म्हणजे चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवतात तिथे, हसू सुरू होतं ते पुढे थांबतच नाही. तिकीट लावायचा विचार आहे, तेव्हा परवानगीचंही कुणीतरी सांगा.

भिंतीतला_सातवा:
भिंत आधी जमिनीवर आखा. नाचणाऱ्या माणसाला साधारण 20 इंच लागतात, म्हणजे बारा जणांना 20 फूट. दोन्ही कडांना चार-चार फूट उरतात, नाना फडणवीसाची आणि नाचणाऱ्या गुलाबीची ये-जा तेवढ्यात होते. रंगमंचाचा मध्य धरून दर 20 इंचांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा.

भिंत वाकते ती मधल्यांमुळे. सहावा-सातवा प्रेक्षकांकडे बघत पुढे सरकत जातात आणि कडेचे त्यांच्याकडे बघत मागे राहतात. दर आठ मात्रांनी प्रत्येकाची उजवी टाच आपल्या पट्टीवर परत आलीच पाहिजे, असा नेम करा. वळताना बाराही जण एकाच खांद्यावरून वळू देत. निम्मे इकडून, निम्मे तिकडून असं ठेवलं की मधल्या दोघांची कोपरं भिडतात.

लय सुटणारच, कारण पाठमोऱ्या माणसाला वादक दिसत नाहीत. टाळ विंगेत ठेवू नका, भिंतीतल्याच पक्क्या लयीच्या दोघांच्या हातात द्या: तिसऱ्याच्या आणि दहाव्याच्या. आणि पाठमोरं असताना नवे शब्द नकोत, फक्त ध्रुवपद, म्हणजे परत परत येणारी ओळ. पाठीमागून व्यंजनं ऐकू येतच नाहीत.

एक पोशाखाचं. नुसतं नेसलेलं धोतर पहिल्या गाण्यातच सुटतं. काष्टा दोन सेफ्टी पिनांनी अडकवा, आत घट्ट चड्डी, उपरणं खांद्याशी एका टाक्यात पक्कं.

पेटीमास्तर:
शब्द न पोचण्याचं पहिलं कारण माइक नसतो, गाण्याची पट्टी असते, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरलाय ते. तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘म’पर्यंत) जाणारी चाल पेटीच्या काळी एकमध्ये धरली तर न शिकलेले गळे वरच्या सुरांत ओरडतात, आणि ओरडताना शब्द चेपले जातात. पट्टी तिच्या खालच्या काळी पाचपर्यंत आणा. खालचे सूर लागत नसतील तर तेवढ्या ओळी भारी आवाजाच्या तिघाचौघांना द्या. श्वासही वाटून घ्या: बाराचे तीन गट, प्रत्येकाची श्वासाची जागा वेगळी, संहितेवर पेन्सिलीने खूण करून. नाहीतर बाराही जण ओळीच्या शेवटी एकदम थांबतात आणि शेवटचं अक्षर गिळलं जातं.

अडीचशेच्या सभागृहात भिंतीला कॉलर माइक लावू नका. उपरण्याची खसखस आणि घामाने बंद पडणारे ट्रान्समीटर याशिवाय हाती काही लागत नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तीन सपाट माइक, आठ-नऊ फुटांच्या अंतराने, खाली फोमचा तुकडा आणि मिक्सरवर 120 हर्ट्झखालचा आवाज कापलेला; पायांची धपधप बरीच कमी होते. फक्त सूत्रधाराला हेडसेट. ढोलकीला माइक नकोच, उलट वादक जरा आत घ्या.

ढोलकी एसीच्या झोताखाली ठेवू नका, सूर हलतो. पखवाजाच्या धुमाची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक वाळते, मध्यंतरात ताजी लावा. आणि प्रत्येक गाण्याची लय मेट्रोनोमवर (लय मोजायच्या यंत्रावर) मोजून आकडा रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीत लिहा. लय प्रयोगागणिक चढत जाते आणि मग शब्द पुन्हा गेले.

काळा_विनोद:
अग्निदिव्यात हसू येणं चूक नाही. ते कुठे कापायचं हे न ठरवणं चूक आहे. तिथे सोसणारा नट बहुधा गोळा दिसायच्या आधीच किंचाळतो. मग तो प्रहसन करतोय असं वाटतं आणि प्रेक्षक निर्धास्त होतात. ब्राह्मणाने आधी नुसता वाद घालावा, ठासून, शहाण्यासारखा. हसू त्या वादाला येऊ दे. गोळा हाताला लागताक्षणी टाळ, ढोलकी, सगळं बंद. चार मात्रा पूर्ण शांतता, नंतर किंकाळी, आणि त्यावर भिंतीचं नामस्मरण आधीच्याच मंद आवाजात, तोंडावर काहीही न दाखवता. भिंतीतल्या कुणी भुवई जरी उडवली तरी हसू परत येतं.

गोळा थर्मोकोलचा, चार इंचांचा. वर कागद-डिंकाचे तीन थर, काळा रंग, थोडी लाल झाक. पोटात 300-400 ग्रॅम वाळू भरा. वजन नसलं की चिमटा धरणारा हात खोटा दिसतो. आत लाल दिवा बसवायचा मोह टाळा, खेळण्यासारखं दिसतं.

शेवटी जमाव घाशीरामला दगडांनी मारतो, तिथे दगड दाखवूच नका. मारणारे सहा फुटांवर, आघात ढोलकीचा, आणि कधी कोसळायचं ते घाशीरामच ठरवणार. तालीम आधी अर्ध्या गतीने. कुणाला लागलं तर तालीम थांबवायचा शब्द नाटकात कुठेही नसलेला हवा. ‘थांबा, थांबा’ तर संवादच वाटतो.

संहिता_आणि_सही:
तेंडुलकर 2008 साली गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2068 अखेरपर्यंत. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेला सूट आहे, पण करणारे तिथलेच विद्यार्थी-शिक्षक आणि बघणारेही तेच, शिवाय पालक आणि संस्थेशी संबंधित लोक, एवढ्यापुरतीच. बाहेरच्यांना तिकीट विकलं की सूट संपली. वारसांची लेखी परवानगी घ्या. 1972 च्या मूळ प्रयोगातल्या भास्कर चंदावरकरांच्या चाली वापरणार असाल तर ती परवानगी वेगळी. स्वतःच्या चाली बांधल्या तरी शब्द तेंडुलकरांचेच राहतात. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. ते हातात येईपर्यंत जाहिरात छापू नका.

दुसरा_सूत्रधार:
दोन्ही टाळ एकमेकांपासून सुटले तर?

भिंतीतला_सातवा:
तिसरा वाजवतो, दहावा ऐकतो. दहाव्याने फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वाजवायचं.