थ्रेड-लोकल स्टोरेज: ‘धागा-स्थानिक’ बरोबर आहे का?

प्रश्न: राजारामपुरीत बसून आम्ही तिघं लिनक्सच्या सिस्टिम कॉलची (प्रोग्रामनं कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, काम सांगायची सोय) माहिती मराठीत लिहितोय. ‘सेट थ्रेड एरिया’ या कॉलशी गाडी अडली. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणारी कामाची एक ओळ, आणि हा कॉल तिच्या थ्रेड-लोकल स्टोरेजसाठी आहे. थ्रेड-लोकल स्टोरेजला ‘धागा-स्थानिक साठा’ लिहिलं, तर वाचणाऱ्या मुलीनं विचारलं, “स्थानिक म्हणजे याच मशीनवरचा का?” तिचं काही चुकलं नाही. काय लिहावं?

उत्तर: दादा, ‘स्थानिक’ काढाच. स्थानिक म्हटलं की गाव, जागा डोळ्यांपुढं येते. इथं व्हेरिएबलचं नाव एकच, पण प्रत्येक थ्रेडची प्रत वेगळी. सी भाषेतला ‘एररनो’ (झालेल्या चुकीचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) बघा: दोन थ्रेडमध्ये एकाच वेळी चूक झाली, तरी ज्याला त्याला आपलाच आकडा दिसला पाहिजे. यासाठी आपल्याकडं ‘निहाय’ तयार आहे. तालुकानिहाय पाऊस म्हणतो ना? रकाना एक, गगनबावड्याचा आकडा वेगळा, शिरोळचा वेगळा. आणि साठा धान्याचा असतो. इथं ‘साठवण’ बरं.

‘एरिया’चं मात्र ‘क्षेत्र’ करू नका, माझं यावर ठाम मत आहे. कॉलचं नाव एकच असलं तरी काम प्रोसेसरगणिक बदलतं. ३२-बिट एक्स८६ प्रोसेसरवर तो डिस्क्रिप्टर तक्त्यातली (मेमरीचे भाग प्रोसेसरला सांगणारा तक्ता) नोंद भरतो. थ्रेडमागं अशा ३ नोंदी. कॉलला दिलेल्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) नोंदीचा क्रमांक −१ दिला तर कर्नल रिकामी नोंद शोधून तिचा क्रमांक त्याच स्ट्रक्चरमध्ये लिहून देतो. मिप्स आणि एम६८के या प्रोसेसरांवर नुसता एक पत्ता द्यायचा. म्हणून एक्स८६साठी ‘नोंद भरतो’, मिप्स-एम६८केसाठी ‘पत्ता ठरवतो’ लिहा. ‘गेट थ्रेड एरिया’चंही तसंच: एक्स८६वर तो स्ट्रक्चर भरून देतो, एम६८केवर पत्ताच परत मिळतो. ६४-बिट एक्स८६वर एफएस रजिस्टरचा (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली छोटी जागा) बेस, म्हणजे सुरुवातीचा पत्ता, ‘आर्च पीआरसीटीएल’ या दुसऱ्या कॉलने ठरवतात. ६४-बिट आर्मवर प्रोग्राम स्वतःच रजिस्टरमध्ये लिहू शकतो, त्यासाठी कॉल लागत नाही.

प्रश्नकर्ता: ‘निहाय’ पटलं. पण ‘धागानिहाय’ वाचून आमच्या इचलकरंजीच्या मित्राला सुताचा नंबर आठवला!

उत्तर: मग ‘थ्रेडनिहाय’ करा. वॉर्डनिहाय, बूथनिहाय आपण रोज लिहितोच.

प्रश्नकर्ता: मिप्सचं वाक्य असं केलं: ‘हा कॉल चालू थ्रेडच्या थ्रेडनिहाय साठवणीचा पत्ता ठरवतो.’ मुलीला वाचायला दिलं. या वेळी तिनं विचारलं, “मग दुसऱ्या थ्रेडचा पत्ता वेगळा असणार, हो ना?”