मदत हवी आहे: मुलाखतीत ट्रान्झॅक्शनवर अडकतोय

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. दोन वर्षं एका हळद व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर सांभाळतोय, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). पुढच्या महिन्यात पुण्यात बॅकएंडची (सर्व्हरच्या बाजूच्या कामाची) मुलाखत आहे.

मागच्या मुलाखतीत विचारलं, "एकाच खात्यातून दोघांनी एकाच क्षणी पैसे काढले तर?" मी म्हणालो, ट्रान्झॅक्शनमध्ये टाकू, म्हणजे सगळे बदल एकत्र होतील नाहीतर एकही नाही. "मग झालं का?" म्हटल्यावर माझी दातखीळच बसली.

घरी येऊन आमच्याच कोडवर करून बघितलं. गोदामात ५० पोती, दोन टर्मिनल उघडले, दोन्हीकडून ४० पोत्यांची विक्री. दोन्ही पास! पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) रीड कमिटेड, म्हणजे दुसऱ्याचे फक्त पक्के झालेले बदल दिसतात, त्यामुळे दोघांनी ५० वाचले आणि दोघांनीही १० लिहिले. सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच ती रो, म्हणजे टेबलमधली ओळ, लॉक करणं) लावल्यावर दुसरा थांबून राहिला, मग त्याला १० दिसले. (दोन वर्षं हे असंच चालू होतं, शेठना अजून सांगितलेलं नाही.)

आता प्रश्न. असं लॉक लावायचं की व्हर्जनचा कॉलम ठेवून ऑप्टिमिस्टिक पद्धतीने (लॉक न लावता, लिहिताना व्हर्जन बदललंय का ते बघून) जायचं, हे मुलाखतीत कशाच्या जोरावर सांगायचं? आणि दोन रो उलट्या क्रमाने लॉक झाल्या की डेडलॉक, दोघंही एकमेकांची वाट बघत अडकतात. तिथे क्रम ठरवून घेण्याखेरीज तुम्ही काय करता?

इंडेक्स, एचटीटीपीच्या ४०१ आणि ४०३ एररमधला फरक, रिक्वेस्ट पुट की पोस्ट, हे जमतं. शंभर प्रश्नांच्या पीडीएफ मात्र नकोत, ढीगभर आहेत. सांगली-मिरजेत कुणी रविवारी तासभर माझी सराव मुलाखत घेईल का? चहा-भडंग माझ्याकडून.